ज्यांची भाजी गाव विकत घेत नव्हतं, त्यांनीच गावासाठी कॉलेज उभं केलं. बाबा आमटेंच्या शेतीची गोष्ट

बीड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दुष्काळ, कोयता आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर.

पण याच जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात आर्वी नावाचं गाव आहे. तिथं २००० साली दीपक नागरगोजे यांनी शांतिवन सुरू केलं. आई-बाप ऊस तोडायला गेले की मागे राहणारी मुलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं, अशांना तिथं घर मिळालं आणि शाळा मिळाली. बीड शहराजवळ पालीला दत्ता बारगजे यांचं आनंदग्राम आहे. एचआयव्ही घेऊन जन्माला आलेली, नातेवाइकांनी नाकारलेली मुलं तिथं वाढतात.

या दोन्ही कामांची मुळं शोधत गेलं की माणूस राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला पोचतो. नागरगोजेंना बाबा आमटेंच्या कामानं वेड लावलं. बारगजे भामरागडला नोकरीला असताना शेजारच्या हेमलकसाचं काम बघत होते आणि ते काम बाबांच्या मुलाचं, डॉ. प्रकाश आमटेंचं.

बाबा आमटे म्हटलं की आपल्याला कुष्ठरोग आठवतो, आनंदवन आठवतं. पण आनंदवन मुळात काय होतं, तर एक शेत होतं. औषधासोबत शेती हाच तिथला उपचार होता.

आज युरोपात याला केअर फार्मिंग म्हणतात.

केअर फार्मिंग म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर आजारी, अपंग, मनानं खचलेल्या किंवा एकट्या पडलेल्या माणसाला दवाखान्याच्या कॉटवर न ठेवता शेतावर आणायचं. त्याला झेपेल ते काम द्यायचं. गाईला चारा घालायचा, रोपं लावायची, भाजी खुडायची. शेतात वेळ पाळावी लागते, जनावर वाट बघतं, पेरलेलं उगवतं. आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, हे माणसाला तिथं रोज दिसतं.

नेदरलँड्समध्ये अशी हजाराहून जास्त शेतं आहेत. ती एकेकट्या शेतकऱ्याच्या भरवशावर चालत नाहीत. त्या त्या भागातले शेतकरी संघटना करतात, डॉक्टर आणि समाजसेवक माणसं पाठवतात, नगरपालिका किंवा सरकारी योजना पैसे देतात. शेतकरी, आरोग्यसेवा आणि पैसे देणारा असे तिघं एकत्र आले की ते शेत टिकतं.

बाबा आमटेंनी आनंदवन सुरू केलं तेव्हा या तिघांपैकी एकच त्यांच्याकडं होता, तोही धड नव्हता. कारण शेत म्हणजे दगडांचा माळ होता.

जमीनदाराचा पोरगा

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घरची जमीनदारी, वडील इंग्रज सरकारात अधिकारी. 'बाबा' हे लहानपणचं लाडाचं नाव, ते पुढं आयुष्यभर चिकटलं.

तरुणपणी या माणसाचे शौक बघितले तर विश्वास बसणार नाही. स्वतःची बंदूक, शिकारीचा नाद, गादीला बिबट्याचं कातडं लावलेली स्पोर्ट्स कार. हॉलिवूडच्या सिनेमांची परीक्षणं लिहायची आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर यांच्यासारख्या नट्यांशी पत्रव्यवहार करायचा. वकिलीची पदवी घेतली, वकिली चालायलाही लागली.

पण जवळच सेवाग्राम होतं. गांधीजींचा आश्रम, विनोबांचं काम हे सगळं हाकेच्या अंतरावर. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्या कार्यकर्त्यांचे खटले लढवायला बाबांनी वकील जमवले. रेल्वेत एका मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या शिपायांशी ते एकटे भिडले. ही गोष्ट गांधीजींपर्यंत गेली आणि त्यांनी बाबांना अभयसाधक असं नाव दिलं.

१९४६ मध्ये बाबांचं लग्न झालं. इंदू घुलेशास्त्री लग्नानंतर साधना आमटे झाल्या. एका लग्नघरात ही मुलगी गुपचूप जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कामात मदत करताना बाबांना दिसली आणि त्यांनी तिलाच मागणी घातली. संसार सुरू झाला तो वरोऱ्याच्या श्रमाश्रमात. वेगवेगळ्या जातींची माणसं एकत्र राहणार, सगळ्यांनी कष्ट करायचे, असा तो प्रयोग होता.

याच काळात बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचं जगणं कळावं म्हणून त्यांनी स्वतः कित्येक महिने डोक्यावरून मैला वाहिला.

अभयसाधक घाबरला

अशाच एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला त्यांना एक गाठोडं पडलेलं दिसलं. जवळ गेल्यावर कळलं, तो माणूस आहे. नाव तुळशीराम. कुष्ठरोगानं बोटं झडलेली, जखमांमध्ये अळ्या पडलेल्या, शेवटच्या घटका मोजत असलेला.

आणि बाबा घरी पळाले.

गोऱ्या शिपायांना न घाबरलेला माणूस एका मरणाऱ्या माणसाला घाबरला. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पुढं ते परत गेले, तुळशीरामच्या डोक्यावर तट्ट्यांचा आडोसा केला, त्याला खाऊ-पिऊ घातलं, जखमा धुतल्या. तुळशीराम वाचला नाही. बाबांच्या मनातून मात्र ती भीती लवकर गेली नाही. ती घालवायची तर ज्या गोष्टीची भीती वाटते, तिच्याच सोबत राहायचं, असं त्यांनी ठरवलं.

आता कुष्ठरोगाबद्दल थोडं. हा रोग एका जिवाणूमुळं होतो. तो नसांवर हल्ला करतो, त्यामुळं हातापायांची संवेदना जाते. चटका बसला, काटा रुतला, कुदळीच्या दांड्यानं सालटं निघालं तरी कळत नाही. मग जखम चिघळते आणि बोटं जातात. तो सहजासहजी पसरणारा रोग नाही. पण त्या काळी लोक त्याला देवाचा शाप समजत. रोग झाला की माणसाला घर, गाव, शेत सगळं सोडावं लागे. उरायची ती भीक.

कायदाही त्यांच्या विरोधात होता. १८९८ चा इंग्रजांचा कायदा रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णांना पकडून कोंडायला परवानगी देत होता. तो पूर्ण रद्द झाला २०१६ मध्ये.

पहिली साखळी: दत्तपूर ते कलकत्ता

बाबांच्या गोष्टीत एक भाग नेहमी राहून जातो. ते शून्यातून शिकले नाहीत. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे शिष्य मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं होतं. तिथं रुग्णांची सेवा आणि शेती दोन्ही चालायचं. सेवाग्राममध्ये परचुरे शास्त्रींच्या कुष्ठाच्या जखमा खुद्द गांधीजी धूत होते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन होतं.

म्हणजे विदर्भाच्या या पट्ट्यात कुष्ठसेवेचं एक जाळं आधीच विणलं जात होतं. बाबा दत्तपूरला जाऊन जखमा धुवायला शिकले. मग कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं रीतसर शिक्षण घेतलं. हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नाहीत, संशोधन अडून राहतं, हे कळल्यावर त्यांनी स्वतःचं शरीर प्रयोगासाठी पुढं केलं. जिवाणू टोचून घेतले. रोग काही झाला नाही, प्रयोग फसला.

वेळ मात्र बरोबर होती. चाळीसच्या दशकातच सल्फोन गटातली औषधं आली होती आणि पहिल्यांदाच हा रोग औषधानं आटोक्यात येत होता. पण बरा झालेला माणूस जाणार कुठं? गाव त्याला परत घ्यायला तयार नव्हतं. गोळी जिवाणू मारत होती, गेलेलं घर आणि गेलेला धंदा ती परत देऊ शकत नव्हती.

या प्रश्नावर बाबांकडं उत्तर होतं, शेती.

चौदा रुपये आणि लंगडी गाय

१९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. सरकारनं वरोऱ्याबाहेर ५० एकर जमीन दिली. जमीन म्हणजे काय, तर झुडपं, खडक, साप, विंचू. पाणी नाही. जवळच्या जंगलातून बिबटे यायचे.

तिथं राहायला गेलेली मंडळी अशी: बाबा, साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण आणि एक लंगडी गाय. खिशात १४ रुपये. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं.

पहिलं काम विहिरीचं. भर उन्हात, झडलेल्या बोटांनी पहार धरून त्यांनी खडक फोडला. बाबाही त्यांच्यासोबत खड्ड्यात उतरले. पाणी लागलं आणि मग ज्वारी, भाजीपाला, दूध असं एकेक सुरू झालं.

बाबांचं म्हणणं साधं होतं. भीक देऊन माणूस आणखी मोडतो, काम दिलं की उभा राहतो. ज्याच्या हाताला संवेदना नाही तो पाणी धरू शकतो. ज्याला चालता येत नाही तो बसून बी निवडू शकतो. दोघा-तिघांच्या उरलेल्या ताकदीतून एक पूर्ण काम उभं राहतं. आजची केअर फार्म नेमकं हेच करतात. माणसाला काय येत नाही ते बाजूला ठेवून काय येतं तिथून सुरुवात करतात.

भाजी पिकली, पण घेणार कोण?

काही दिवसांत आनंदवनात गरजेपेक्षा जास्त भाजी पिकायला लागली. ती वरोऱ्याच्या बाजारात नेली.

कुणी घेईना. कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी घरात न्यायची कशी? त्यांच्या गाईचं दूध पोरांना पाजायचं कसं? भाजी ताजी होती, दूध चांगलं होतं. फक्त ते पिकवणारे हात लोकांना नको होते.

माती नीट झाली, पाणी मिळालं, माणसं कामाला लागली, तरी बाजारानं दार लावलं तर सगळं तिथंच थांबतं. रुग्णाला काम मिळेल, पण समाजात जागा मिळणार नाही. उलट, आपण पिकवलेलंही लोकांना चालत नाही ही एक नवी जखम होईल.

हे दार उघडलं ते अगदी वेगळ्या माणसांनी. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे स्वयंसेवक आनंदवनात आले. वेगवेगळ्या देशांतली ही तरुण मंडळी तिथं काही महिने राहिली, दवाखान्याच्या इमारतींसाठी विटा-दगड वाहिले. ती कुष्ठरुग्णांसोबत काम करायची आणि आनंदवनातलीच भाजी-भाकरी खायची.

वरोऱ्यातले लोक कुतूहलानं बघायला यायचे. परदेशातून आलेली पोरं-पोरी इथलं अन्न खातात आणि त्यांना काहीच होत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. हळूहळू लोक आनंदवनाची भाजी घ्यायला लागले. जे काम वर्षानुवर्षांच्या उपदेशानं झालं नसतं, ते एका पंगतीनं केलं.

मग गावालाच कॉलेज दिलं

बाबांनी इथून एक गोष्ट पक्की धरली. आनंदवनाला कुंपण घालून बसायचं नाही, बाहेरच्या माणसांना आत आणायचं.

त्या वेळी वरोऱ्याच्या पोरांना पुढं शिकायला दूर जावं लागायचं. साठच्या दशकाच्या मध्यात आनंदवनाच्या जमिनीवर आनंद निकेतन महाविद्यालय उभं राहिलं आणि पाठोपाठ कृषी महाविद्यालयही. बांधकामात कुष्ठरुग्णांचे हात होते. ज्या गावानं यांची वांगी-टोमॅटो नाकारले होते, त्याच गावची मुलं यांच्या जमिनीवर, यांनी बांधलेल्या वर्गांत शिकायला बसली.

शेती शिकवणारं कॉलेज कुष्ठरुग्णांच्या शेताला लागून, हा योगायोग नव्हता. पुढं अंध मुलांची शाळा आली, अपंगांसाठी प्रशिक्षण आलं, हातमाग आला, पत्र्याचे डबे बनवण्याचा कारखाना आला. पन्नास एकरांचे शेकडो एकर झाले. मोजक्या वस्तू सोडल्या तर बाकी सगळं तिथंच तयार व्हायला लागलं.

पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई आनंदवनाचे जिवाभावाचे मित्र झाले. मित्रमेळाव्याच्या निमित्तानं लेखक, गायक, नट आनंदवनात यायला लागले. पुण्या-मुंबईच्या माणसाला कुष्ठरुग्णाच्या शेजारी सतरंजीवर बसून गाणं ऐकायची सवय लागली. पैशाची मदत यायचीच, पण माणसांचं असं येणं-जाणं त्याहून मोठं होतं.

एका शेतावरून दुसऱ्या शेतावर

एक आनंदवन पुरणार नव्हतं. नागपूरजवळ अशोकवन सुरू झालं. १९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. तिथं बरे झालेले कुष्ठरुग्ण भातशेतीला लागले. बाबांच्या डोक्यात तिथं श्रमिक विद्यापीठ होतं. पदवीसोबत हाताला घट्टे पडणारं शिक्षण. विद्यापीठ काही झालं नाही, पण श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. दर मे महिन्यात महाराष्ट्रभरातले तरुण सोमनाथला जातात, सकाळी घमेली-फावडी उचलतात, दुपारी चर्चा करतात.

महाराष्ट्रात आज गावोगावी काम करणारे कितीतरी कार्यकर्ते या छावणीतून तयार झाले. बाबांचं खरं जाळं हेच. कुठल्याही कार्यालयात त्याची नोंद नाही, पण राज्याच्या जवळपास प्रत्येक भागात त्याची एखादी गाठ सापडते.

२३ डिसेंबर १९७३ ला भामरागडच्या जंगलात हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया आदिवासींमध्ये राहायला गेले. आनंदवनातल्या बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांनी तिथं झोपड्या बांधल्या, जमीन साफ केली. ज्यांना कधीकाळी सेवेची गरज होती, ते आता दुसऱ्यांच्या सेवेसाठी जंगलात गेले होते.

आनंदवनावरचे प्रश्न

सगळंच गोडगोड नव्हतं. नेदरलँड्सच्या शेतावर दिवसा काम करणारी बरीच माणसं संध्याकाळी घरी जातात. आनंदवनातल्या माणसाला जायला घरच नव्हतं. त्यामुळं हे एक वेगळं बेट झालं, असं म्हणणारे लोक आहेत. ते पूर्ण चूकही नाहीत. रोग बरा झाला तरी माणूस गावी परतला नाही, तर जिंकलं कोण?

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली आणि कुष्ठरोग पूर्ण बरा व्हायला लागला. घरी राहून उपचार घेता येतात. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतंच, ते निघालं २०१९ मध्ये. औषध कायद्याच्या कितीतरी आधी पोचलं होतं. आनंदवनाच्या कारभारावरूनही पुढं वाद झाले. एका माणसाच्या ताकदीवर उभी राहिलेली संस्था त्या माणसानंतर कशी चालवायची, हा प्रश्न अनेक संस्थांना पडतो, तो आनंदवनालाही पडला.

बाबांनी स्वतः मात्र एका जागी बसायचं नाकारलं. मणक्याच्या आजारानं त्यांना बसता येत नव्हतं, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. तशा अवस्थेत १९८५ च्या डिसेंबरमध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडं भारत जोडो यात्रेला निघाले. १९८८ मध्ये अरुणाचलहून गुजरातच्या ओख्यापर्यंत गेले. १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले, धरणात बुडणाऱ्या गावांसोबत. रॅमन मॅगसेसे, पद्मविभूषण, संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार, टेम्पल्टन असे मोठे सन्मान याच काळात आले.

९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं नाही. ज्या मातीत त्यांनी सहा माणसांसोबत पहार मारली होती, त्याच मातीत त्यांना पुरलं. २०११ मध्ये साधनाताईही गेल्या.

बीडला यातून काय घेता येईल?

बीडमध्ये आज कुष्ठरोगापेक्षा वेगळी दुखणी आहेत. नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर शेत कसं करायचं हा प्रश्न पडलेली बाई आहे. कोयत्यानं पाठ आणि कंबर गेलेला मजूर आहे. मनानं खचलेला तरुण शेतकरी आहे. त्यांना डॉक्टर हवाच आहे. सोबत झेपेल असं काम, नियमित मोबदला आणि रोज विचारपूस करणारी चार माणसंही हवी आहेत.

जमीन बीडमध्ये आहे. कृषी विज्ञान केंद्रं आहेत, अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, बचत गट आहेत, शांतिवन-आनंदग्रामसारखी काम करणारी माणसं आहेत. हे सगळे आपापल्या जागी आहेत. त्यांना एका शेतावर आणणारं कुणीतरी लागतं.

वरोऱ्याच्या बाजारात ती भाजी जोवर विकली जात नव्हती, तोवर आनंदवन अर्धंच होतं. बीडमध्ये असं एखादं शेत उद्या उभं राहिलं, तर पहिल्या दिवशी तिथली भाजी घ्यायला कोण येतं, यावर बरंच काही ठरेल.